कानटोपीतला पक्षी

मी दत्तप्रसाद रानवड्यांच्या उजव्या कानामागून बोलतोय. बोलणं हा खरं तर माझा धंदा नव्हे. माझं काम ऐकायचं, आणि ऐकलेलं इमानेइतबारे आत पोचवायचं. पण नवरात्रातल्या त्या रविवारी वेताळ टेकडीवर माझ्यामुळे जे रामायण घडलं, त्याची गोष्ट जो तो आपापल्या सोयीनं सांगत सुटलाय. म्हटलं, ज्यानं केलं त्याच्याच तोंडून एकदा होऊन जाऊ दे.

मी श्रवणयंत्र. घरात मला 'मशीन' म्हणतात. "अहो, मशीन लावलंत का?" असं स्वयंपाकघरातून आलं, की पाहुण्यांना वाटतं कपडे धुवायचे चाललेत. आकारानं मी चिंचोक्याएवढा. रंग असा, की कुणाच्या नजरेत भरू नये. चष्मा घेताना लोक आरशासमोर चार चार फ्रेमा लावून बघतात. मला घेताना मात्र पहिला प्रश्न ठरलेला, "दिसणार नाही ना?" जन्मल्यापासून ज्याला 'तू दिसू नकोस' एवढंच सांगितलं गेलं, त्याला काय वाटत असेल ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. खोक्यात बसलो, विमानात बसलो, आणि डोळे उघडले ते थेट पुण्यात, एका रहदारीच्या रस्त्यावरच्या दुकानात. काचेच्या कपाटात भावंडांसोबत ओळीनं बसून होतो. एके दिवशी संध्याकाळी एक उंच, शिडशिडीत गृहस्थ आत आले. आले म्हणजे आणले गेले. मागून त्यांच्या पत्नी, उल्काताई, दार अडवून उभ्या होत्या.

हेच आमचे दत्तप्रसाद. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. रिसीव्हर कानाला लावून नुसत्या खरखरीवरून कुठली लाइन कुठे खराब झाली ते सांगायचे म्हणे. तारा दुरुस्त करायला खांबावर चढायचे आणि तारांवर बसलेले पक्षी बघत तिथंच रेंगाळायचे. तिथून जो नाद लागला तो लागलाच. निवृत्तीच्या कितीतरी आधी त्यांनी एका मित्राला घेऊन 'टेकडीचे सोबती' नावाचं मंडळ काढलं. पावसाळा सरला, गणपती उठले, की दर रविवारी सकाळी ते लोकांना टेकडीवर पक्षी दाखवायला नेतात. हातात मंडळाची बांबूची काठी. ती ज्याच्या हातात, तो त्या दिवसाचा म्होरक्या. आजवर ती दुसऱ्या कुणाच्या हातात फारशी गेलीच नव्हती.

दुकानातल्या मुलीनं त्यांना एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, "काका, आवाज आला की बटण दाबायचं." सुरुवातीला ते भराभर बटण दाबत होते. मग हळूहळू दाबणं कमी झालं. नंतर ते नुसतेच बटणावर अंगठा ठेवून, मान थोडी पुढे काढून, ताटकळत बसले. बाहेर कागदावर रेघ उमटत होती. आधी सपाट, आणि मग सिंहगडाच्या कड्यासारखी सरळ खाली.

"जाड आवाज तुम्हाला छान येतात, काका," ती मुलगी म्हणाली. "बारीक आवाज गेलेत."

"म्हणजे काय काय गेलं?"

"सायकलची घंटी, लहान मुलांची कुजबुज, बोलण्यातला स, श... पक्षी वगैरे."

तिनं 'वगैरे' इतक्या सहज म्हटलं, की उल्काताईंनी चटकन नवऱ्याकडे बघितलं. पुढे ती बरंच काही सांगत होती. दोन्ही कानांना हवं, सेल कसा बदलायचा, ओल लागू द्यायची नाही, आणि कान झाकायचा नाही, झाकला तर हे शिटी मारतं. दत्तप्रसादांचं त्यात लक्ष नव्हतं. ते 'पक्षी' या शब्दाशीच थांबले होते. शेवटी "आधी एकच घेऊन बघू," एवढं म्हणाले आणि उठले. अशा रीतीनं मी एकटाच त्यांच्या उजव्या कानामागे जाऊन बसलो.

बाहेर पडल्यावर त्यांना पुणं नव्यानंच ऐकू आलं. रिक्षांचे ब्रेक, पिशव्यांची चुरचुर, स्वतःच्याच चपलांचा फटकफटक आवाज. बिचारे दचकून दोनदा मागे वळले. घरी येऊन खुर्चीत टेकले, तोच उल्काताईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"तुझ्या बांगड्या वाजतात?" त्यांनी विचारलं.

"लग्नापासून वाजतायत," उल्काताई म्हणाल्या.

मला वाटलं, जमलं आपलं. या घरात आपण सुखानं नांदणार. पण दुसऱ्याच दिवशी महिपतराव टपकले.

महिपती शेंडे म्हणजे मंडळाचे दुसरे संस्थापक आणि जिभेला धार लावून बसलेले गृहस्थ. दत्तप्रसादांनी बेल वाजल्याबरोबर मला काढून खिशात टाकलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. महिपतराव चहा पिता पिता कुणा ओळखीच्या माणसाविषयी सांगत होते, "कानात मशीन घालून फिरतोय आता. त्याला टेकडीवर नेऊन काय उपयोग? पक्ष्यांनी त्याच्यासाठी काय स्पीकर लावायचा?" स्वतःच्याच विनोदावर ते खो खो हसले. दत्तप्रसादही हसले. खिशातून मला ते हसणं ऐकू आलं, आणि ते मुळीच खरं नव्हतं.

त्या संध्याकाळी माझी रवानगी खणात झाली. खणात माझ्या सोबतीला गंजलेला नेलकटर, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या आणि बामच्या रिकाम्या डब्या. सगळे सेवानिवृत्त. मी मात्र कामावर रुजू व्हायच्या आधीच निवृत्त. उल्काताई खण उघडून सुईदोरा शोधायच्या, मला बघायच्या, आणि मोठ्यानं म्हणायच्या, "कान विकत आणले आणि ऐकणं दुकानातच ठेवून आलो." ज्यांना ऐकवायचं होतं, त्यांना अर्थातच ते ऐकू जायचं नाही.

आता या माणसाचं खरं दुखणं काय होतं ते सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

मंडळाची एक प्रथा आहे. टेकडीवरच्या जुन्या खाणीत पाणी साठतं. तिथं पोचलं, की काठावर उभं राहून सगळ्यांनी डोळे मिटायचे. कुणी अवाक्षर काढायचं नाही. पक्षी ऐकू आला की नुसतं बोट वर करायचं. थोड्या वेळानं म्होरक्या आधी डोळे उघडतो, कुणाकुणाची बोटं वर आहेत ते बघतो आणि पक्ष्याचं नाव सांगतो. आणि या सगळ्यात मानाचा पक्षी एकच, करडा धोबी. पिवळ्या पोटाचा, सडपातळ, शेपूट सारखी वरखाली करणारा, जसं काही दगडावर कपडे आपटतोय. उन्हाळा हिमालयात काढून तो पावसाळा संपता संपता आपल्याकडे येतो. त्याचा आवाज ऐकू आला, की मंडळाचा हंगाम सुरू झाला म्हणायचं. आणि ज्याचं बोट पहिलं वर जाईल, त्याला खाली टपरीवर चहाचा पहिला ग्लास. नुसता दिसलेला धोबी धरत नाहीत. "दिसतो कुणालाही, ऐकावा लागतो," हा नियम खुद्द दत्तप्रसादांनी केलेला.

आणि त्यांनाच तो धोबी गेले दोन हंगाम ऐकू आला नव्हता. 'चिट्-चिट्' असा त्याचा बारीक, टोकदार आवाज. नेमका कड्यावरून खाली पडलेला. पहिल्या वर्षी त्यांनी समजूत घातली, वारा होता. दुसऱ्या वर्षी डोळे उघडले तर सगळ्यांची बोटं वर आणि आपलं खाली. तेव्हापासून हा माणूस आतून पोखरला जात होता. तांबट, भारद्वाज, मोर ही जाड आवाजाची मंडळी ऐकू यायची, त्यांच्यावर वेळ मारून न्यायचे. पण बारीक गळ्याच्या सगळ्या पाखरांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं, असं त्यांना वाटायचं.

यंदा गणपती उठल्यावर यास्मिन घरी आली. मंडळात सगळ्यांत तयार कान तिचा. नोकरी हडपसरला, आयटीत, राहायला मंडईजवळ, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी टेकडीच्या पायथ्याशी हजर. ती हंगामाचं ठरवायला आली होती. खण अर्धवट उघडा होता, म्हणून मला सगळं कळलं.

"यंदापासून काठी तू घे," दत्तप्रसाद म्हणाले. "पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर देतो तुझ्याकडे. माझे गुडघे बोलतात आता."

"काय काका, तुम्ही आमच्या पुढे चालता की! आम्हीच मागे दमतो."

"नाही, ठरलं माझं. मी आता घरीच बरा."

यास्मिन हिरमुसली होऊन गेली. दार लागल्यावर उल्काताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "गुडघ्यांना कशाला बदनाम करता?" त्या म्हणाल्या. या वेळी मुद्दाम समोर उभं राहून, चेहरा दिसेल असं. दत्तप्रसादांनी खणाकडे नजर टाकली. म्हणाले, "एकदा धोबी ऐकायचाय गं. मग सोडतो सगळं."

मग त्यांनीच येऊन खण उघडला. मला हातात घेतलं, फुंकर मारली, नवा डाळीएवढा सेल घातला. किती महिन्यांनी माझ्या अंगात जीव आला! पण आनंदापेक्षा मला धास्तीच जास्त वाटली. कारण हिशोब सरळ होता. धोबी ऐकू आला नाही, तर रविवारी संध्याकाळी मी कायमचा त्या किल्ल्यांच्या शेजारी, आणि हा टेकडीवेडा माणूस कायमचा त्या खुर्चीत. दोघांचंही आयुष्य एका पाखराच्या दोन अक्षरांवर येऊन ठेपलं होतं.

रविवार उजाडला. मला कानामागे बसवलं, आरशात बघितलं. थोडा दिसत होतो. झालं! कपाटातून काळ्या लोकरीची कानटोपी निघाली आणि माझ्यावर चढली. मला अंधार झाला.

"नवरात्रात कानटोपी?" उल्काताई दारात म्हणाल्या. "लोक विचारतील, टेकडीवर निघालात की केदारनाथला?"

"सकाळचा गारवा असतो," दत्तप्रसाद म्हणाले. खाली वॉचमन बनियनवर बसून वारा घेत होता.

पायथ्याशी मंडळी जमली होती. महिपतराव होते, यास्मिन होती, केयूर होता. हा केयूर म्हणजे गळ्यात भलामोठा कॅमेरा आणि हातात फोन. त्या फोनमध्ये पक्ष्यांचे आवाज ओळखणारं एक ॲप. शिवाय आठ-दहा नवे चेहरे. कानटोपीवरून दोन-तीन शेरे झाले, ते दत्तप्रसादांनी हसण्यावारी नेले. चढताना टोपीखाली मला घाम येत होता. म्हणजे घाम त्यांचाच, पण गैरसोय माझी. झाडीत सातभाई कलकलत होते. टकाचोर ओरडत होता. मी जमेल तेवढं पोचवत होतो, पण लोकरीतून ऐकणं म्हणजे दुलईतून कीर्तन ऐकण्यासारखं.

खाणीवर पोचलो. पाणी काठोकाठ होतं. सगळे ओळीनं उभे राहिले आणि डोळे मिटले.

तांबट बोलला. दत्तप्रसादांचं बोट वर गेलं. भारद्वाज घुमला. पुन्हा बोट वर. मग ते जीव एकवटून पाण्याच्या दिशेनं ऐकू लागले. नीट ऐकू यावं म्हणून मान उजवीकडे कलती केली, टोपी खाली ओढली. लोकर माझ्या तोंडावर गच्च दाबली गेली.

आणि मी शिटी मारली.

ही माझी जन्मजात खोड. माझं तोंड झाकलं, की माझाच आवाज मला ऐकू येतो, तो मी पुन्हा मोठा करतो, आणि त्यातून एक लांब, बारीक, कापरी शिटी निघते. गंमत अशी, की ती इतकी बारीक असते, की ज्याच्या कानात मी बसतो त्यालाच ती ऐकू येत नाही. बाकी साऱ्या जगाला येते. आणि त्या नादात मी दुसरं काही धड आत पोचवतही नाही. मला थांबायचं होतं हो, पण माझं तोंड माझ्या हातात नव्हतं.

दत्तप्रसादांनी रिवाजाप्रमाणे डोळे उघडले. ओळीनं सगळ्यांची बोटं वर होती. एकूणएक. त्यांनी पाण्याकडे बघितलं, दगडांकडे बघितलं. कुठं कुणी नव्हतं. धोबी येऊन, बोलून, उडून गेला असणार. कानामागची त्यांची शीर धडधडत होती, ती मला टकटक लागत होती. मशीन लावूनसुद्धा नाही. संपलं. एवढा हताश झालेला माणूस मी कधी अनुभवला नव्हता, आणि त्याला हताश करणारा मीच होतो.

ते काठी टेकत सरळ यास्मिनसमोर गेले. "घे," म्हणाले. "ही आता तुझी."

"अहो काका, थांबा! आधी तो पक्षी कुठला ते सांगा ना!"

"धोबी," ते कसेबसे म्हणाले.

"धोबी नाहीये हा. धोबी दोनदा बोलून गप्प बसतो. हा केवढा लांब बोलतोय!"

झालं, एकच गिल्ला उडाला. महिपतराव म्हणाले, "शिंजीर आहे. मी पैज लावतो." कुणी म्हणालं, घारीचं पिल्लू. केयूरनं फोन उंच धरला. "ॲपला मॅचच मिळत नाहीये! काका, हे समथिंग रेअर आहे. टेकडीचा फर्स्ट रेकॉर्ड होईल!" नव्या मंडळींनी भराभर दुर्बिणी डोळ्यांना लावल्या. दत्तप्रसादांनी गोंधळून इकडेतिकडे मान वळवली, आणि मी पुन्हा वाजलो.

"हा काय! त्या हिवराच्या झुडपात!" केयूर कुजबुजला. ते झुडूप नेमकं दत्तप्रसादांच्या मागे होतं. सगळ्या दुर्बिणी त्यांच्यावर रोखल्या गेल्या. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून तो सज्जन माणूस झुडपापासून दूर सरकला. तर शिटीही सरकली.

"उडाला! डावीकडे गेला!"

ते डावीकडून उजवीकडे आले. शिटीही आली. लोक वाकून, बोटांवर चालत, श्वास रोखून त्यांच्याभोवती गोल गोल फिरू लागले. "घाबरत कसा नाही माणसांना?" महिपतराव पुटपुटले. "आपल्या सोबतच चाललाय." हिमालयातून आलेल्या पाखरालाही पुण्यात इतका मान कधी मिळाला नसेल, तो मला त्या दिवशी मिळाला. आणि मी लाजेनं अर्धमेला झालो होतो.

यास्मिन तेवढी जागच्या जागी उभी होती. तिनं दुर्बीण खाली केली होती आणि दत्तप्रसादांच्या कानटोपीकडे बघत होती. मग ती जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली. तेव्हा मी गप्प होतो, म्हणून तिचं बोलणं मी आत पोचवू शकलो.

"काका, टोपी काढता का जरा? आमच्या दादामियाँच्याही कानात हाच पक्षी राहतो. आजोबांनी मफलर गुंडाळला, की लगेच बोलतो."

दत्तप्रसाद थिजले. कानाची पाळी एवढी तापली, की मला चटका बसला. मग त्यांनी सावकाश टोपी ओढून काढली. त्यांचा हात माझ्यावरून गेला, मी शेवटचं एकदा 'टीं' केलं आणि थांबलो. गार वारा लागला. सगळ्यांना मी दिसलो. आयुष्यात पहिल्यांदा इतके लोक मला बघत होते.

 आणि मग महिपतराव पुढे झाले. ते तोंड उघडणार म्हटल्यावर मला तो खणच दिसायला लागला.

"कधी घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"झाले काही महिने."

"ऐकू येतं?"

"लावलं तर येतं."

"दुकान कुठलं?"

दत्तप्रसाद त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुला कशाला?"

"कशाला म्हणजे?" महिपतराव एकदम खेकसले. "मला तो तुझा धोबी जन्मात ऐकू आलेला नाही! आजची शिटीसुद्धा नाही! इतकी वर्षं एक डोळा किलकिला ठेवतो आणि तुझं बोट वर गेलं की माझं वर करतो. गेली दोन वर्षं तुझं जाईना, तर या पोरीचं बघायला लागलो."

"आणि त्या दिवशी घरी येऊन त्या माणसाच्या मशीनला हसलास ते?"

"ते मी मला स्वतःलाच बोलत होतो, गाढवा. तुला कळायला नको?"

तेवढ्यात केयूर खाकरला. "ॲक्च्युअली, काका, माझापण तसाच सीन आहे. ॲपला धोबी मिळाला, की फोन खिशात व्हायब्रेट होतो. मग मी बोट वर करतो."

"म्हणजे," यास्मिन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गेली दोन वर्षं खरं ऐकणारी मी एकटीच होते? तरी म्हटलं, डोळे उघडावेत तर दर वेळी माझ्यासोबत सगळ्यांचीच बोटं वर कशी!"

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. आणि मग दत्तप्रसाद हसायला लागले. खिशातून ऐकलं होतं तसलं हसणं नव्हे हे. पोटातून आलेलं, डोळ्यांत पाणी आणणारं, थांबवलं तरी न थांबणारं. मी कानामागे गदगदा हलत होतो. केवढं ओझं हा माणूस एकट्यानं वाहत होता, ते उतरताना मला कळलं. आणि तेच ओझं थोडं थोडं सगळ्यांनीच आपापल्या खिशात लपवून टेकडीवर आणलेलं होतं.

"चला, पुन्हा," यास्मिननं काठी त्यांच्या हातात परत खुपसली. "डोळे मिटा. महिपतकाका, दोन्ही! केयूर, फोन खाली ठेव."

पुन्हा सगळे ओळीनं उभे राहिले. या वेळी माझ्यावर काही नव्हतं. मोकळी हवा, उघडं तोंड. मी कान टवकारले, म्हणजे माझं जे काही असतं ते टवकारलं. झुडपात चष्मेवाला म्हणतात त्या चिमुकल्या पाखरांचा थवा कुजबुजत गेला, मी तो आत दिला.  दत्तप्रसादांचं बोट वर गेलं. मग बराच वेळ नुसता वारा. येतोस की नाही रे बाबा, मी मनात म्हणत होतो. तुझ्यापायी आम्ही दोघं इथं उभे आहोत.

आणि पाण्यावरून, पलीकडच्या कातळाकडून, आला. चिट्-चिट्. स्वच्छ, धुतलेला, दोनच अक्षरांचा. मी तो झेलला आणि जसाच्या तसा आत सोडला.

त्यांचं बोट सगळ्यांत आधी वर गेलं. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण बातमी माझ्याकडूनच गेली होती. म्होरक्यानं आधी डोळे उघडायचे, हा नियम त्यांनी या वेळी मोडला. तसेच मिटून उभे राहिले. मिटल्या डोळ्यांतून काहीतरी ओघळलं आणि मान कलती असल्यानं कानाच्या पाळीपर्यंत आलं. ओल मला चालत नाही. पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

टपरीवर चहाचा पहिला ग्लास त्यांना मिळाला. महिपतरावांनी तो त्यांच्या हातात देताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "निम्मा त्या मशीनला पाज." घरी पोचलो, तर उल्काताई दारातच उभ्या.

"गुडघे कसे आहेत?" त्यांनी मुद्दाम अगदी हळू आवाजात विचारलं.

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" दत्तप्रसाद म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हळू विचारलेलं ऐकू आलं. उल्काताई पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. जाताना त्यांच्या बांगड्या वाजल्या, त्याही मी पोचवल्या.

तेव्हापासून त्या खणात मी पाऊल ठेवलेलं नाही. कानटोपी उल्काताईंनी वॉचमनला देऊन टाकली. माझं एक धाकटं भावंड आता डाव्या कानामागे आलंय. नवखं आहे, कुकरच्या शिटीला घाबरतं. महिपतरावांनीही दोन घेतली. ती लाल रंगाची, मुद्दाम. "दिसायला हवं ना," म्हणाले. आणि मंडळाच्या प्रथेत एका वाक्याची भर पडली आहे. डोळे मिटण्याआधी यास्मिन आता सांगते, "ज्यांच्या टोप्या असतील, त्यांनी काढा. ज्यांना ऐकू येत नसेल, त्यांनी बोट वर करू नका, विचारा." पुढच्याच रविवारी असं विचारणारे किती निघाले म्हणता!

जाता जाता तुम्हाला एक विनवणी. तुमच्या घरातही एखादा खण असेल. नेलकटर आणि जुन्या किल्ल्यांच्या शेजारी माझा एखादा भाऊबंद गप्प पडला असेल. त्याला एकदा बाहेर काढा, फुंकर मारा, सेल घाला. चष्मा तुम्ही मिरवता, मग मीच तुमचं काय घोडं मारलंय? लावून तर बघा. तुमच्यासाठी काय काय बोलायचं थांबलंय, ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.

बरंच बोललो. आज पुन्हा रविवार आहे, आम्ही खाणीच्या काठावर उभे आहोत. काठी दत्तप्रसादांच्या हातात आहे. पाणी थोडं खाली गेलंय. यास्मिननं हात वर केलाय, सगळ्यांनी डोळे मिटले आहेत, महिपतरावांनी दोन्हीसुद्धा. आता कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा.